खिडकीकडचा कोपरा

सूपच्या चमच्यात चिमूटभर पांढरी पूड पडली होती. चमचे सकाळीच घासून पुसून मांडलेले, त्यामुळे ती फेस्टस मॅनियनच्या नजरेत भरली. त्याने बोट टेकवून ती उचलली आणि चिमटीत चोळली. मीठ नव्हतं, पीठही नव्हतं. तिच्यात अर्ध्या नखाएवढा लालसर केस होता. गाईचा.

त्याने मान वर केली.

चौदा फुटांवर किल्टार्नी हाऊसच्या जेवणघराचं छत होतं. गाईचे केस कालवलेल्या चुन्याच्या गिलाव्यात हाताने घडवलेल्या वेली, द्राक्षांचे घोस, मधोमध फुलांचा हार आणि चार कोपऱ्यांत चार पक्षी. दोनशे वीस वर्षांपूर्वी ते कुणी केले, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. तीन पक्षी कुठल्यातरी पुस्तकातून उतरवल्यासारखे, लांब शेपट्यांचे. खिडकीकडच्या कोपऱ्यात मात्र साधा कस्तूर होता, छातीवर ठिपके आणि चोचीत गोगलगाय. हा एकटा त्या कारागिराने बागेत बघून केला असणार, असं फेस्टस म्हणायचा. पूड पडली होती ती बरोबर त्याच्याच खाली.

साडेअकरा वाजले होते. एक वाजता बेचाळीस माणसं जेवायला येणार होती.

फेस्टसने तपकिरी सूट घातला होता. मुलीच्या लग्नानंतर तो पहिल्यांदाच कपाटाबाहेर निघाला होता. आज तो इथे गिलाव्याच्या कामाला नव्हे, पाहुणा म्हणून आला होता. ज्यांनी ज्यांनी हे पडीक घर पुन्हा उभं केलं त्या सगळ्यांना मालकीण इमेल्डा डेव्हरीने नव्या हॉटेलातल्या पहिल्या जेवणाला बायकांसकट बोलावलं होतं. फेस्टसची आई या घराच्या मागच्या दारात अंडी आणून द्यायची आणि तिथूनच परत जायची. आज तो पुढच्या दाराने आत आला होता. अट्रॅक्टाने, त्याच्या बायकोने, पायरीवर उभं राहून त्याचा टाय दोनदा सरळ केला होता.

तो खिडकीपाशी तसाच उभा राहिला. कोलमन टिंगल, घराचं सगळं लाकूडकाम केलेला सुतार, दारातून आत डोकावला.

"काय रे, अजून काय बघतोयस? काम संपलं. आता खायचं."

"वर चार नंबरच्या खोलीत काय चाललंय?"

"काय चालायचंय? गाद्या घालतायत." कोलमन जवळ आला. "आणि तो टब. काल चौघांनी मिळून चढवला, बिडाचा आहे. कंबर अजून धरलीय माझी. इमेल्डाला जुनाच पाहिजे होता, पायवाला."

"टब कुठे ठेवला?"

कोलमनने बोट वर केलं. कस्तुराकडे.

"मला कुणी सांगितलं नाही," फेस्टस म्हणाला.

"तुला कशाला सांगायचं? छत पक्कं आहे असं तूच लिहून दिलंस की."

लिहून दिलं होतं, हे खरंच होतं. अशी छतं तपासायची एकच पद्धत असते. वर तुळयांना लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. खालून लावलेला ओला चुना पट्ट्यांच्या फटींतून वर येतो, पलीकडे गाठींसारखा वळतो आणि वाळतो. त्या गाठींवर सगळं छत लटकत असतं. गाठी शाबूत असल्या तर बोटाच्या सांध्याने ठोकल्यावर आवाज टणक येतो, तुटल्या असल्या तर बद्द. दुसरं यंत्र नाही, दुसरा उपाय नाही. फेस्टस सोळाव्या वर्षापासून छतं ठोकत आला होता. चार परगण्यांतून लोक त्याला बोलवायला यायचे ते त्याच्या थापीसाठी नव्हे, कानासाठी.

उजवा कान गेल्या हिवाळ्यात गेला. आधी त्यात समुद्रासारखा आवाज यायचा, मग तोही थांबला. डावा अर्धामुर्धा चालत होता. त्याने कुणालाच सांगितलं नाही. परांचीवर मान वळवून डावा कान छताला लावायला तो शिकला आणि किल्टार्नीचं छत त्याने बोट-बोट करत ठोकून काढलं. एकवीस ठिकाणी गाठी तुटलेल्या सापडल्या. तिथे वरून तांब्याच्या तारा ओवून त्याने ते भाग बांधून घेतले. सहा आठवड्यांपूर्वी एका दुपारी शेवटचा कोपरा उरला होता, खिडकीकडचा. खाली कोलमनचं करवतीचं यंत्र चालू होतं. रोज फेस्टस वरून ओरडायचा, "बंद कर ते," आणि कोलमन बंद करायचा. त्या दिवशी फेस्टस ओरडला नाही. यंत्र बंद झालं आणि तरीही काही ऐकू आलं नाही तर काय, या विचाराने तो ओरडला नाही. त्याने कोपरा ठोकला. बोटाला ठोका जाणवला, कानापर्यंत काही आलं नाही. तो खाली उतरला आणि म्हणाला, "बरं आहे." दुसऱ्या दिवशी परांची सोडली. तपासनीसाला द्यायच्या कागदावर त्याने सही केली.

तेव्हापासून त्याला त्या कोपऱ्याची आठवण फक्त दाढी करताना व्हायची.

"तुझा चेहरा असा का झालाय?" कोलमनने विचारलं.

फेस्टस स्वयंपाकघराकडे निघाला.

इमेल्डा मोठ्या टेबलाशी सामन मासा साफ करत होती. वय शेहेचाळीस, बाह्या कोपरापर्यंत वर. अठराव्या वर्षी गाव सोडून बर्मिंगहॅमला गेली, सव्वीस वर्षं तिथल्या हॉटेलांच्या भटारखान्यांत राबली आणि परत येऊन तिने हे घर घेतलं तेव्हा दिवाणखान्यात मेंढ्या होत्या आणि जिन्यावर आकाश दिसत होतं. अडीच वर्षं झाली त्याला. गावातल्या सहा मुली आज वाढायला आल्या होत्या. त्या भिंतीशी उभ्या राहून तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मिस्टर मॅनियन, तो सूट घालून माझ्या स्वयंपाकघरात येऊ नका. लोणी उडेल."

"खिडकीकडची दोन टेबलं जरा आत घ्यायची का?" फेस्टस म्हणाला.

"का?"

"वारा येतो तिथे."

तिने सुरी न थांबवता त्याच्याकडे पाहिलं. "खिडक्या बंद आहेत. आणि तिथून नदी दिसते. डब्लिनच्या पेपरातला माणूस तिथेच बसणार आहे. रात्री राहणारही आहे, वरच्या चार नंबरात. त्याला मी भिंतीकडे तोंड करून बसवू?"

"नाही, तसं नाही."

"मग?"

"काही नाही. सहज म्हटलं."

"बरं," इमेल्डा म्हणाली आणि माशाच्या पाठीतून तिने काटा एका ओढीत बाहेर काढला.

तो मागच्या अंगणात आला. पंपापाशी अट्रॅक्टा पावाच्या टोपलीवरचं फडकं नीट करत उभी होती. आठ पाव तिने पहाटे भाजून आणले होते, इमेल्डाने मागितले नसताना. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. मग ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही."

"फेस्टस."

तो अंगणातल्या दगडांकडे बघत राहिला. "तो खिडकीकडचा कोपरा. मी ठोकला, पण मला..."

"ऐकू आलं नाही," अट्रॅक्टा म्हणाली.

त्याने मान वर केली.

"अरे, आपला रेडिओ एवढा मोठा लागतो की शेजारच्या गाईंना हवामान कळतं. इतके महिने मी चर्चमध्ये तुझ्या डाव्या हाताला बसते, ती काय खांबामागून फादर दिसत नाहीत म्हणून?"

"तू बोलली नाहीस."

"तू बोलशील म्हणून थांबले." तिने आवाज चढवला नाही, पण शब्द सावकाश, त्याच्याकडे तोंड करून उच्चारले. "पडणार आहे का ते?"

"माहीत नाही. चुना झडतोय. वर टब ठेवलाय. कदाचित वर्षभर काही होणार नाही. कदाचित आज..."

"खाली कोण बसणार आहे?"

"दोन टेबलं. बारा जण."

अट्रॅक्टाने टोपली उचलून कमरेवर घेतली. "मग मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

"सही केलीय मी, अट्रॅक्टा. उद्यापासून मला कुणी कोंबड्यांच्या खुराड्यालाही हात लावू देणार नाही."

"नाही देणार," ती म्हणाली. "चल."

पुन्हा स्वयंपाकघरात शिरताना फेस्टसने टोपी काढून हातात धरली. कोलमन तिथेच पावाचा तुकडा तोंडात टाकून उभा होता. मुली बटाटे गाळत होत्या.

"इमेल्डा," तो म्हणाला. अडीच वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. बाई म्हणायचा. "मी तो कोपरा ऐकला नाही."

"कुठला कोपरा?"

"खिडकीकडचा, छताचा. मी ठोकला, पण मला आवाज आला नाही. माझा उजवा कान गेलाय आणि डावाही जायला लागलाय. तरी बरं आहे म्हणालो. आता तिथून चुना झडतोय."

सुरी थांबली. एका मुलीने चुलीवरचं पातेलं बाजूला सरकवलं असावं, कारण वाफेचा लोट उठला. फेस्टसला कसलाच आवाज आला नाही.

"कधीपासून?" इमेल्डाने विचारलं.

"जानेवारीपासून."

"जानेवारी." तिने हात फडक्याला पुसले, एकेक बोट. "म्हणजे सगळं छतच तुम्ही..."

"बाकीचं डाव्या कानाने ऐकलंय. ते पक्कं आहे. कोपऱ्याच्या वेळी यंत्र चालू होतं आणि मी बंद करायला सांगितलं नाही."

"मला वाटलं, तुझं झालं असेल," कोलमन मध्येच म्हणाला. "मी विचारलंही होतं, बंद करू का. तू बोललाच नाहीस."

"मला ऐकू आलं नसेल."

इमेल्डाने घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी होते.

"पडेल का ते आज?"

"सांगता येत नाही."

"मिस्टर मॅनियन, मला हो किंवा नाही पाहिजे. बेचाळीस माणसं यायचीत. या घरात जे काही होतं नव्हतं ते सगळं घातलंय मी. कदाचितवर मी काय करू?"

"हो-नाही सांगणारा माणूस मी राहिलेलो नाही, पोरी. म्हणून तर आलो."

ती त्याच्याजवळून झपाट्याने निघाली तशी तिच्या खांद्याचा त्याला धक्का लागला. "कोलमन, शिडी आण," ती जाता जाता म्हणाली. "आणि वर गाद्या घालणाऱ्या मुलींना खाली बोलवा. हळू चालत या म्हणावं."

कोलमनने शिडी भिंतीला लावली. चढण्याआधी त्याने फेस्टसकडे पाहिलं. "कुठे ठोकू?"

"आधी मधे, हाराजवळ. ते पक्कं आहे, त्याचा आवाज लक्षात ठेव. मग कोपऱ्याकडे जा. जोरात नको, दारावर टकटक करतात तसं. आणि अंग भिंतीकडे ठेव."

इमेल्डा दारात उभी राहिली, तिच्यामागे अट्रॅक्टा. फेस्टस खोलीच्या मध्यभागी टोपी धरून उभा होता. कोलमनने हात लांब करून मधल्या हाराजवळ ठोकलं. फेस्टसला काही ऐकू आलं नाही. त्याने कोलमनच्या चेहऱ्याकडे नजर लावली. चेहरा स्वस्थ होता. कोलमन उतरला, शिडी सरकवली, पुन्हा चढला. एका द्राक्षाच्या घोसापाशी ठोकलं. चेहरा तसाच. मग त्याने कस्तुराच्या शेपटीजवळ हात नेला आणि दोनदा ठोकलं.

कोलमनचं तोंड किंचित उघडलं. त्याने तिसऱ्यांदा ठोकलं नाही. फेस्टसने वळून दाराकडे पाहिलं. इमेल्डाने डोळे मिटून घेतले होते.

कोलमन एकेक पायरी बघत खाली आला आणि खाली आल्यावरही छताकडे पाठ करायला तयार होईना.

"टेबलं उचला," इमेल्डा म्हणाली. "खिडकीकडची राहू द्या, तिकडे कुणी जायचं नाही. बाकीची पुढच्या दाराच्या आत, जिन्याजवळच्या चौकात न्या. तिथलं छत दगडी आहे. आणि चार नंबरला कुलूप घाला."

पाऊण तास घरात पळापळ चालली होती. टेबलं जेवणघराच्या दारातून निघेनात, तेव्हा कोलमनने दाराची एक फळी बिजागऱ्यांतून उचलून बाजूला ठेवली. फेस्टसने सूटचा कोट काढला आणि खुर्च्या वाहिल्या, दोन्ही हातांत दोन. त्याला कुणी थांब म्हणालं नाही आणि दे इकडे असंही म्हणालं नाही. खिडकीकडच्या टेबलांवरचे चमचे, पेले आणि फुलं तशीच मांडलेली राहिली. अट्रॅक्टाने आपले पाव चिरून थाळ्यांत मांडले, कारण मुलींपैकी दोघी रडायला लागल्या होत्या आणि कुणालातरी हात चालू ठेवायला हवे होते.

एकला पाच कमी असताना पहिली मोटार आली. इमेल्डा स्वच्छ ॲप्रन बांधून पायरीवर गेली. येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत होती. जेवणघर आज बंद आहे, छताचा एक कोपरा तपासायचा राहिलाय, तुम्ही चौकात बसा, जेवण तेच आहे. फादर म्हणाले, चौकात जेवायची ही त्यांची पहिलीच वेळ. कुणीतरी हसलं. डब्लिनच्या पेपरातला माणूस चष्मा पुसत म्हणाला, "तपासायचा राहिला म्हणजे? गिलाव्याचं काम कुणी केलं होतं?"

फेस्टस जिन्याखाली उभा होता. प्रश्न त्याला ऐकू आला नव्हता, पण इमेल्डाची नजर क्षणभर त्याच्याकडे वळलेली त्याने पाहिली आणि तो पुढे आला.

"मी," तो म्हणाला. "कोपरा तपासायचा माझ्याकडून राहिला."

त्या माणसाने मान हलवली आणि तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ताट मांडीवर घेऊन बसला. त्याने दोनदा सूप मागून घेतलं. संध्याकाळी तो राहायला मागच्या खोलीत गेला.

छत त्या दिवशी पडलं नाही. रविवारीही पडलं नाही.

सोमवारी टब दोर लावून बाजूला ओढला आणि चार नंबरच्या खोलीची जमीन उघडली. फेस्टस फळ्यांवर पालथा झोपला आणि त्याने दिवा आत धरला. पट्ट्यांच्या वर गाठी दिसायला हव्या होत्या. दाराएवढ्या भागात त्या मोडून, नुसत्या खड्यांसारख्या मोकळ्या पडल्या होत्या. कोलमनने पट्टी आणि चुन्याच्या मधे हात घातला, तो मनगटापर्यंत सहज गेला.

"हे लटकलं कशावर होतं?" त्याने विचारलं.

"सवयीवर," फेस्टस म्हणाला.

इमेल्डा गुडघ्यांवर बसून भोकातून बघत होती. मग ती फेस्टसच्या डाव्या बाजूला सरकली. हे तिला कुणी सांगितलं, त्याला कळलं नाही.

"सहा आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर?"

"वाचवता आलं असतं. तारा ओवून. तेव्हा मधल्या गाठी धरून असतील, टबाने गेल्या."

"पक्षीसुद्धा?"

"पक्षीसुद्धा."

तिने मान हलवली. ती आभार मानेल असं त्याला वाटलं नव्हतं आणि तिने मानलेही नाहीत. उठताना मात्र तिने म्हटलं, "शनिवारी बोललात ते बरं केलंत." मग खाली जाऊन तिने भाजीवाल्याला फोन लावला.

तो भाग फेस्टसने स्वतः उतरवला. खाली लोकरीच्या गाद्या बांधलेली फळी टेकू देऊन उभी केली आणि चार दिवस लहान करवतीने तो कडा कापत राहिला, आवाजाशिवाय, फक्त पात्याच्या कंपावर. वेलीचा एक तुकडा अखंड आला. कस्तूर फळीवर अलगद बसला, आणि फळी खाली येता येता त्याची मान तुटली, मग पंख, मग छातीचा नुसता भुगा झाला. कोलमनने टोपी काढली आणि परत घातली. गोगलगाय तेवढी सापडली, अंगठ्याच्या पेराएवढी. फेस्टसने ती इमेल्डाच्या ओट्यावर ठेवली.

साच्यातून ओतलेले पक्षी विकत मिळतात, त्यातला एक चिकटवू या, असं कुणीतरी इमेल्डाला सुचवलं. तिने फेस्टसला विचारलं.

"तो मला करता येणार नाही आणि विकतचा तिथे शोभणार नाही," तो म्हणाला. "सपाट ठेव."

नव्या पट्ट्या कोलमनने मारल्या. फेस्टसने तिन्ही थर एकट्याने चढवले, चुना आणि केस, जुन्या मापाने. शेवटचा थर देताना तो दिवसभर परांचीवर होता. थापीने ओढायचा, तळव्याने चाचपायचा, पुन्हा ओढायचा. संध्याकाळी इमेल्डाने दिवा तिरका धरून पाहिलं. त्या चौकोनात कुठे सावलीसुद्धा पडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बादल्या, चाळण आणि थाप्या गाडीत भरल्या. त्यानंतर त्याने छत घेतलं नाही. भिंती आणि कुंपणं केली, तीही कुणी दिली तेव्हा.

नोव्हेंबरात इमेल्डाने निरोप पाठवला. शनिवारी दुपारी दोघं जेवायला या. फेस्टस नको म्हणाला. अट्रॅक्टाने सूट काढून खुंटीला लावून ठेवला.

जेवणघर भरलेलं होतं. इमेल्डा स्वतः बाहेर आली आणि त्यांना खिडकीकडे घेऊन गेली. नदीला पाणी वाढलेलं होतं. दोघं बसली. मटण आलं, सोबत भाजलेले कांदे आणि बटाटे. फेस्टसने वर पाहिलं नाही.

शेजारच्या टेबलावर एक परगावचं जोडपं होतं. त्यातल्या बाईने मान मागे टाकली आणि तिचे डोळे छतावरून फिरत गेले, एका पक्ष्यापासून दुसऱ्यापर्यंत, तिसऱ्यापर्यंत, आणि मग त्या कोऱ्या चौकोनावर येऊन थांबले. तिने वाढणाऱ्या मुलीला काहीतरी विचारलं. मुलीने वर पाहून, ताट हातात तसंच धरून, उत्तर दिलं. चांगली चार-पाच वाक्यं बोलली असेल. बाईने ऐकता ऐकता चमचा खाली ठेवला.

फेस्टसला त्यातलं काही ऐकू आलं नाही. अट्रॅक्टाला सगळं ऐकू आलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर त्याला बरंच कळलं असतं. तो ताटाकडे बघत राहिला, मांसाचा एक तुकडा त्याने नीट कापला आणि रश्शात बुडवला.

अट्रॅक्टाने मीठ त्याच्या बाजूला सरकवलं.